पंचवीसपैकी चोवीस

धंतोली, नागपूर

बुधवार, २ जानेवारी १९५७

नवी वही. पहिल्या पानावर संकल्प लिहायला मी मुलींना कधी सांगितले नाही, स्वतःही लिहिणार नाही.

दुपारी वामनराव आले. साप्ताहिकाचे संपादक. त्यांची मुलगी माझ्या शाळेत होती. बीजगणितात कच्ची, पण प्रामाणिक. म्हणाले, "बाई, एक काम आहे, आणि ते तुमच्याशिवाय कोणाच्यानं व्हायचं नाही." असे वाक्य ज्या कामाच्या आधी येते ते काम बहुधा फुकटचे असते. हे निम्मे फुकटचे निघाले.

नागपुरातले सर्वांत उत्तम जेवण कुठले, असे त्यांनी वाचकांना कार्डे टाकून कळवायला सांगितले होते. तीनशे बारा कार्डे आली. पहिला नंबर सिव्हिल लाइन्समधल्या बेलमाँट हॉटेलचा.

"त्यातल्या तीनशे जणांनी बेलमाँटच्या फाटकाच्या आत पाऊल टाकलेलं नसेल," वामनराव म्हणाले. "सचिवालय मुंबईला गेलं, साहेब लोक गेले, तरी दर तोच. एका जेवणाचे पाच रुपये. सीताबर्डीवर बारा आण्यांत पोट भरतं. मग वरचे सव्वाचार रुपये कशाचे, ते तुम्ही जेवून सांगा. मार्क देताना तुम्ही कोणाची गय करत नाही."

मी अटी घातल्या. एकदा नव्हे, चार वेळा जाईन. चार बुधवार, दुपारी. मी कोण हे हॉटेलला कळता कामा नये. लिहिलेला शब्द बदलायचा नाही. त्यांनी सर्व मान्य केले.

"सोबत कोणाला तरी न्या. दोघींचा खर्च देऊ."

"परीक्षकाला सोबत लागत नाही."

यावर ते कोपऱ्यातल्या बाजाच्या पेटीकडे पाहू लागले. पेटी शोभाताईची आहे. ती न्यायला माणूस पाठव, असे मी तिला दोनदा कळवले आहे.

बुधवार, ९ जानेवारी

बेलमाँटची पहिली फेरी. सायकलरिक्षाने गेले. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत तांबडी खडी, दोन्ही बाजूंना कुंड्या. हॉलमध्ये वीस टेबले, त्यांतली सहा भरलेली.

एक बेअरा पुढे आला. पन्नाशीचा, सडपातळ. पांढऱ्या कोटाला कोपरापाशी रफू होते, तेही इतके बारीक की तीस वर्षे शिवणाचे नमुने तपासलेल्या बाईलाच दिसावे. त्याने हिरव्या पडद्यांच्या खोल्यांकडे हात केला.

"फॅमिली रूम तिकडे आहे जी."

"फॅमिली नाही. मी हॉलमध्ये बसेन."

"एकट्या बाया तिकडेच बसतात जी, म्हणून म्हटलं."

"मी बसत नाही."

१९१७ साली कॉलेजात आम्ही तीन मुली होतो. आमच्या बाकापुढे पडदा लावावा अशी सूचना आली होती. आम्ही तिघींनी लेखी नकार दिला. चाळीस वर्षांनी कटलेट खायला मी पडद्याआड जाणार नाही.

त्याने खिडकीजवळचे टेबल दिले आणि समोरासमोर दोन प्लेटा मांडल्या. दोन काटे, दोन सुऱ्या, दोन नॅपकिन.

"मी एकटी आहे," मी सांगितले.

"हो जी," म्हणाला, आणि दुसऱ्या प्लेटीजवळचा काटा सरळ केला. ऐकू कमी येत असावे.

टोमॅटोचे सूप कोमट. भाज्यांचे कटलेट चांगले. पुलाव ठीक. शेवटी फ्रूट सॅलड. त्यात डब्यातले अननस. जानेवारीत, नागपुरात, रस्त्यावर संत्र्यांचे ढीग लागलेले असताना डब्यातले अननस. शेजारच्या टेबलावर दोन वकील होते. ते माझ्याकडे, मग रिकाम्या प्लेटीकडे, मग घड्याळाकडे पाहत आणि पुन्हा आपल्या खटल्याकडे वळत. वकिलांना नेहमी घाई असते.

चवीला पंचवीसपैकी अकरा.

गुरुवार, १० जानेवारी

गोदूबाई भांडी घासायला आली आणि मोरीत पाहून हसली. "एक वाटी आन् एक चमचा. बाई, याच्यासाठी मले कशाले बोलावता? तुमीच इसळून ठेवत जा."

"कामाचे पैसे मिळतात ना?"

"मिळतात जी. पण हाताले लाज वाटते. शोभाताई होत्या तवा बरं होतं. एका भाजीले तीन पातेले."

खरे आहे. शोभाताई स्वयंपाकाला लागली की घरातले एक भांडे कोरडे राहत नसे. बावीस वर्षे आम्ही या घरात एकत्र राहिलो. शाळेत ती गाणे शिकवायची, मी गणित. रोजच्या भाजीला मी पंचवीसपैकी मार्क देत असे. ती आमची गंमत होती. भाच्याची सचिवालयातली नोकरी मुंबईला गेली, तेव्हा तो म्हणाला, मावशी, तूही चल. तिने मला विचारले, "जाऊ ना?" मी म्हणाले, "तुझा प्रश्न आहे." प्रश्न तिचाच होता. नोव्हेंबरात ती गेली.

बुधवार, १६ जानेवारी

दुसरी फेरी. तोच बेअरा, तेच टेबल, पुन्हा दोन प्लेटा. मी एकटी असल्याचे पुन्हा सांगितले. "हो जी."

सूप कोमट.

कटलेट आले तेव्हा एक जाडसर गृहस्थ टेबलाशी थांबले. "एकट्याच? की कोणी येणार आहे?" आवाजात काहीतरी होते, ते मला आवडले नाही. मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात बेअरा मधेच बोलला, "साहेब येऊन राहिले जी. बाहेर गाडी लावून राहिले." गृहस्थ लगेच नमस्कार करून गेले.

"कोणते साहेब?" मी विचारले.

"मी तुमाले म्हटलं का जी काही? सूप घ्या. थंड होऊन राहिलं."

"ते थंडच आलं होतं."

नाव विचारले. नत्थूजी.

नोकराने गिऱ्हाइकाच्या वतीने उत्तर देणे ही आगाऊपणाची गोष्ट आहे. धडधडीत खोटे बोलणे ही त्याहून वाईट. शाळेत मी कॉपी एकवेळ माफ केली, खोटे कधी नाही. वाढण्याच्या मार्कांतून दहा गेले.

शनिवार, १९ जानेवारी

शोभाताईचे पत्र. दादरला दोन खोल्यांत पाच माणसे. शेजारीण गाणे शिकते आहे. "तू बेलमाँटला जातेस हे वाचून हसू आले. मी पाच वर्षे मागे लागले होते, एकदा जाऊ, एकदा जाऊ. तू म्हणायचीस, पाच रुपयांत घरी आठवड्याची भाजी येते. मग आता कशी गेलीस?"

साप्ताहिकाच्या खर्चाने गेले, असे कळवले. कार्डावर तीन ओळी भरल्या. खाली जागा राहिली, पण लिहिण्यासारखे काही नव्हते.

बुधवार, २३ जानेवारी

तिसरी फेरी. दोन प्लेटा. आता मी सांगत नाही. फ्रूट सॅलड आले तसे अननसाचे तुकडे काढून बाजूला ठेवले. नत्थूजीने बशी उचलताना पाहिले. "आवडत नाही जी?"

"हंगामात संत्रं सोडून डबा कोण फोडतो?"

"मालक फोडतो," तो गंभीरपणे म्हणाला.

मला हसू आले. लगेच आवरले. परीक्षकाने हसणे बरे नव्हे.

हे लिहिले पाहिजे: बुधवारी सकाळपासून मला हुशारी वाटते. काठाची साडी नेसते. आठवड्यात निश्चित वेळेला जायचे ठिकाण असले की माणूस नीटनेटका राहतो, एवढाच त्याचा अर्थ.

बुधवार, ३० जानेवारी

चौथी आणि शेवटची. आज दुसऱ्या प्लेटीवर एक संत्रे होते. सोललेले, शिरा काढून फोडी पाकळ्यांसारख्या लावलेल्या.

"हे मी मागवलं नाही."

"घ्या जी."

घेतले. गोड होते. बिल पाहिले तर त्यात संत्रे नाही. तसे विचारले, तेव्हा तो "असू द्या" म्हणाला आणि दुसऱ्या टेबलाकडे गेला. मला ही पद्धत आवडली नाही. बिलात नसलेली वस्तू टेबलावर येते, म्हणजे ती कोठून तरी जाते.

रविवार, ३ फेब्रुवारी

लेख पुरा केला. चव अकरा, स्वच्छता बावीस, वाढणे सहा, किमतीचे मोल नऊ. एकूण अठ्ठेचाळीस. पास, पण पहिल्या नंबराच्या लायकीचे नाही.

वाढण्याबद्दल लिहिले ते असे: "एकट्या गिऱ्हाइकापुढे चारही बुधवारी दोन प्लेटा मांडण्यात आल्या. सांगूनही फरक पडला नाही. बेअरा विचारले नसताना बोलतो, आणि खोटे बोलतो. चौथ्या दिवशी दुसऱ्या प्लेटीवर न मागितलेले संत्रे आले, ते बिलात नव्हते. मालकाच्या डोळ्यांआड आणखी काय काय ये-जा करते, हे मालकाने पाहावे."

नाव लिहिले नाही. नाव लिहिणे योग्य नव्हते.

रविवार, १० फेब्रुवारी

लेख छापून आला. सकाळीच दोन माजी विद्यार्थिनी येऊन गेल्या. खाली सही फक्त "एक परीक्षक" अशी, पण पहिल्या ओळीतच ओळखले म्हणाल्या. बरे वाटले. त्या गेल्यावर लेख पुन्हा वाचला. एकही वाक्य जास्तीचे नाही.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

शोभाताईला कात्रण पाठवले होते. तिचे कार्ड: "अठ्ठेचाळीस दिलेस म्हणजे तुला फारच आवडलेले दिसते. पण त्या दुसऱ्या प्लेटीवर इतकी का रागावलीस?"

रागावले नव्हते. नोंद केली होती.

बुधवार, २० फेब्रुवारी

काम संपले होते. तरी गेले, स्वतःच्या खर्चाने. लेखाचा काही परिणाम झाला का, हे पाहणे परीक्षकाचे कामच आहे.

परिणाम झाला होता. नवा बेअरा. टेबलावर एक प्लेट.

हे सविस्तर लिहिते. मी बसले. समोर पांढरी चादर आणि पलीकडे रिकामी खुर्ची. वकील होते. या वेळी ते घड्याळाकडे पाहत नव्हते. माझ्याकडे पाहत होते, सरळ, खिडकीत ठेवलेल्या वस्तूकडे पाहावे तसे. एका टेबलावरच्या बाईने नवऱ्याच्या कानात काही सांगितले आणि दोघांनी वळून पाहिले. सूप आले. तेवढ्यात ते जाडसर गृहस्थ आले आणि न विचारता समोरची खुर्ची ओढून बसले.

"आज साहेब नाहीत?"

मी उठा म्हणाले. ते हसले. "बसू द्या की. तुम्हालाही सोबत."

मी छप्पन्न मुलींच्या वर्गाला एका नजरेने गप्प केले आहे. आज त्याच नजरेपुढे ते गृहस्थ खुर्ची आणखी पुढे ओढून बसले. मालक ओमप्रकाश काउंटरवरून आला, पण त्या गृहस्थांना काही बोलला नाही. मला म्हणाला, "बाईजी, आप अंदर बैठिए. तिथे आराम आहे."

मी गेले. हिरव्या पडद्याआड. बेअऱ्याने पडदा ओढून घेतला. आत बसायला गेल्यावर घड्याळ पाहिले. बाहेर मी सात मिनिटे बसले होते.

काही खाल्ले नाही. पाच रुपये देऊन आले.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

गोदूबाईला आज बोलण्याचा हुरूप होता. तिची बहीण तांडापेठेत राहते, विणकरांच्या आळीत.

"तिच्या शेजारच्या नत्थूजीले हाटेलातून काढलं जी. बारा वर्षाची नोकरी. हातमाग चालेना म्हणून गेला होता बिचारा. आता कोण्या बाईनं पेपरात लिवलं म्हणते, हा चोर आहे म्हणून."

"चोर असं लिहिलं नव्हतं."

"तुमी वाचलं?"

"वाचलं."

"मंग काय लिवलं होतं जी?"

मी तिला कढई नीट घासायला सांगितली.

रविवार, २४ फेब्रुवारी

गोदूबाईला घेऊन तांडापेठेत गेले. काम आहे, एवढेच सांगितले.

अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंनी मागांचा खटखटाट. नत्थूजीच्या घरात त्याचा भाऊ मागावर होता. नत्थूजी जमिनीवर बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत होता. ते काम घरच्या बायामुलांचे, असे गोदूबाईने वाटेतच सांगून ठेवले होते. मला पाहून तो उठला, हात धोतराला पुसले.

"या जी बाई. मैना, पाणी आण वं."

मी उभ्यानेच सांगितले. "तो लेख मी लिहिला."

माग थांबला. गोदूबाई माझ्याकडे पाहू लागली.

"माहीत आहे जी," नत्थूजी म्हणाला. "मालकानं वाचून दाखवला. चार बुधवार म्हणून लिवलं होतं. बुधवारची बाई एकच होती. बसा ना."

बसले. "संत्रं कुठून आणलं होतं?"

पाणी घेऊन आलेल्या मैनाबाईने उत्तर दिले. "माहा भाऊ कळमेश्वराहून आला होता, त्यानं आणले होते. हा रोज घरी येऊन सांगे, ते अननस पाहून बाईचं तोंड कसं होते ते. करून दाखवे. मंग मीच म्हटलं, घेऊन जा एक."

"हे मालकाला का नाही सांगितलं?"

"सांगितलं जी. त्यानं म्हटलं, बेअरा गिऱ्हाइकासाठी घरून संत्रं काहून आणन? मले सांगता नाही आलं काहून ते."

"आणि दुसरी प्लेट?"

तो हातातल्या कांडीवरचा धागा सरळ करत राहिला. मग म्हणाला, "एका प्लेटीसमोर बाई बसली का लोक बाईले पाहतात जी. दोन प्लेटा असल्या का रिकाम्या खुर्चीले पाहतात."

भावाने माग पुन्हा सुरू केला, म्हणून मला मोठ्याने बोलावे लागले. "मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं, तर ठेवू दिली असती का तुमी?"

मी पाणी प्याले. निघताना मैनाबाईने कुंकू लावले नाही, ती विसरली नसावी, रागच असावा. परतताना गोदूबाई गल्लीच्या तोंडापर्यंत माझ्या दहा पावले पुढे चालली. हे तिच्या स्वभावात नाही.

बुधवार, २७ फेब्रुवारी

ओमप्रकाशला भेटले. मी कोण ते सांगितले. त्याने खुर्ची दिली, चहा विचारला नाही.

"बाईजी, साहेब लोक मुंबईला गेले, अर्धे टेबल खाली झाले. वरून तुमचा लेख. आता लोक येऊन हसतात, हमारी दूसरी प्लेट कहाँ है? मी काय सांगू?"

"तो माणूस चोर नाही. संत्रं त्याच्या घरचं होतं."

"आप कह रही हैं. ऐकलं कोणी? मीच एकटा. तुम्ही पेपरात लिहिलं, पेपरातच लिहा. दोन प्लेटा का, तेही लिहा. मग मी त्याला परत घेतो."

"शब्द देता?"

"देतो."

शनिवार, २ मार्च

वामनरावांकडे तीन ओळींची दुरुस्ती नेली. 'बेअऱ्याबद्दलचा मजकूर अपुऱ्या माहितीवर आधारलेला होता, त्याबद्दल दिलगिरी.' त्यांनी चष्मा काढला.

"बाई, हे छापतो. पण हे कोणी वाचणार नाही, आणि वाचलं तरी दोन प्लेटांचं कोडं तसंच राहतं. मालकालाही तेच पाहिजे ना?"

"मग काय लिहू?"

"जे झालं ते."

सोपे आहे म्हणायला. मी एकतीस वर्षांत उत्तरपत्रिकेवरचा मार्क बदललेला नाही. पालक आले, संस्थेचे लोक आले, बदलला नाही. पण अडचण मार्काची नाही, हे मला कळते. जे झाले ते लिहायचे म्हणजे ती सात मिनिटे लिहावी लागतील. साप्ताहिक साऱ्या धंतोलीत जाते. माझ्या मुली वाचतात. आणि कात्रण न पाठवले तरी मुंबईला कोणी ना कोणी पाठवतेच.

पाच मसुदे झाले. पाचही चुलीत घातले.

मंगळवार, ५ मार्च

सहावा मसुदा दिला. वामनरावांनी माझ्यासमोरच वाचला. वाचून झाल्यावर बराच वेळ कागद सारखे करत बसले. एक शब्द बदलला नाही. तशी अटच होती.

रविवार, १० मार्च

छापून आले. येथे उतरवून ठेवते.

"बेलमाँट हॉटेलसंबंधी मी दिलेल्या मार्कांत चूक आहे. चूक हॉटेलची नाही, माझी आहे. चार बुधवार मी तेथे एकटी जेवले. माझ्यापुढे दोन प्लेटा मांडणारा बेअरा निष्काळजी नव्हता. बाई एकटी जेवायला बसली की हॉलमधले सभ्य लोक तिच्याकडे कसे पाहतात, हे त्याला माहीत होते. मला नव्हते, कारण त्याने ते मला कळू दिले नाही. पाचव्या बुधवारी माझ्यापुढे एकच प्लेट होती. मी तेथे सात मिनिटेच बसू शकले. मग मी उठून पडद्यामागे गेले. माझे घरही अलीकडे एका ताटाचे आहे. तेथे कोणी पाहत नाही, तरी बसवत नाही, म्हणून मी बेलमाँटला जात होते; लेख हे निमित्त होते. संत्रे बेअऱ्याच्या घरचे होते. पाच रुपयांतले सव्वाचार कशाचे, असा प्रश्न होता. सूपाचे नाहीत, अननसाचे तर नाहीतच. जे काही होते ते नत्थूजी नावाच्या माणसाचे होते, आणि ते मालकाने बिलात लावलेले नव्हते. वाढण्याचे सहा मार्क रद्द करून पंचवीसपैकी चोवीस देत आहे. एक खोटे बोलल्याचा कापला. बाकीचे मार्क कायम. बेरीज सहासष्ट होते, म्हणजे हॉटेल प्रथम वर्गात जाते. त्याला माझा नाइलाज आहे."

या वेळी खाली पूर्ण नाव घातले.

आज कोणी आले नाही. दार मात्र दिवसभर उघडे ठेवले होते.

गुरुवार, १४ मार्च

गोदूबाई: "नत्थूजीले परत बोलावलं जी. कोट धुवून राहिली मैनाबाई." मग भांडी घासता घासता, पाठमोरीच, "माह्या बहिणीनं पेपर वाचून घेतला शेजाऱ्याकडून. बाई, घरी बसवत नाही म्हणता, तर मले हाक मारत जा. मी काय, दोन घरं उशिरा करन."

"तुला कामं आहेत."

"आहेत ना. म्हणून तं हाक माराले सांगतो."

शनिवार, १६ मार्च

शोभाताईचे पत्र. नेहमी चार पाने असतात, आज अर्धे.

"त्याला चोवीस दिलेस? बावीस वर्षांत मला अठराच्या वर कधी दिले नाहीस. मेमध्ये भाच्याला रजा आहे, त्या वेळी पेटी न्यायला येऊ का? की माणूस पाठवू?"

उत्तर लिहिले: तुझी सोय पाहा. कार्ड टपालात टाकून आले.

बुधवार, २० मार्च

उन्हे वाढली आहेत. बेलमाँटला गेले. जाताना दोनदा रिक्षा वळवावी असे वाटले.

नत्थूजी दारात होता. कोपराच्या रफूवर आणखी एक रफू. मला पाहून खिडकीजवळच्या टेबलाकडे चालू लागला. मी बसले. त्याने एक प्लेट मांडली. एक काटा, एक सुरी. मी वाट पाहिली. दुसरी आली नाही.

"नत्थूजी, एकच?"

"आता काय लपवाचं जी बाई? साऱ्या नागपुरानं वाचलं."

"लोक पाहतात."

"पाहतील दोन बुधवार. मंग थकतील."

वकील होते. त्यांतल्या एकाने पाहिले आणि मान खाली घातली. मग पुन्हा वर करून नमस्कार केला. मी केला. दुसरा पाहतच राहिला. ते जाडसर गृहस्थ दोन टेबलांपलीकडे बसले होते. नत्थूजीने माझ्या समोरची खुर्ची उचलली आणि भिंतीशी नेऊन ठेवली.

सूप आले. एक चमचा घेतला. कोमट.

नेहमीप्रमाणे मनात मार्क कापले आणि दुसरा चमचा भरला. मग थांबले. नत्थूजीला हाक मारली.

"सूप कोमट आहे. गरम करून आणता का?"

"काहून नाही जी," तो म्हणाला, आणि बशी उचलली. "इतके दिवस तुमी गरम करून आण म्हटलंच नाही. मले वाटे, तुमाले तसंच लागते."

परत आणले तेव्हा वाफ येत होती. चव तीच, पाच रुपयांची नव्हेच. सगळे प्याले.

घरी आल्यावर साडी न बदलता शोभाताईला दुसरे कार्ड लिहिले. मागच्या कार्डावरचा मजकूर रद्द समजावा. माणूस पाठवू नये. मेमध्ये तू ये, आणि पेटी येथेच राहू दे.

खाली जागा उरली होती. तेथे लिहिले, मला करमत नाही.